यादीतल्या सहा जोड्या

४ जानेवारी

ताई,

नमस्कार. तू बरी आहेस असं मीच ठरवून टाकलं आहे, कारण तू काही कळवत नाहीस. तुमच्या वसतिगृहाच्या मेट्रनबाईंनाही नमस्कार, हे पत्र तुला वाचून दाखवणार त्याच. बाई, माझं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला. जिथे लागणार नाही तिथे अंदाजाने वाचा, ताई बरोबर ओळखेल.

बातमी मोठी आहे. टेलिफोन कचेरीने आपल्या अंध कामगार संघाचं निवेदन अखेर स्वीकारलं. आंधळ्या माणसाला बोर्डवर बसून फोन जोडता येतात का, याची ते पुन्हा एकदा परीक्षा घेणार आहेत. सहा वर्षं आपली माणसं त्या कचेरीच्या पायऱ्यांवर ‘काम द्या, कीव नको’ असे फलक धरून उभी राहिली. एकदा तर फलक उलटा धरला गेला होता आणि दुपारपर्यंत कोणी सांगितलंही नाही. शीळवाली ती गोष्ट अजून हसून सांगते. ती जिन्यात शीळ घालते, आवाज कुठून परत येतो त्यावरून पायऱ्या ओळखते. अजून ब्रशच बांधते. तुझ्यानंतर परीक्षेला तीच बसणार होती, पण तुझ्या निकालानंतर बोर्डपुढची ती खुर्ची सगळ्यांनाच बंद झाली.

संघाचं म्हणणं आहे, पहिली तूच बसावीस. गेल्या खेपेला चाळीसच्या चाळीस फोन तू बरोबर जोडले होतेस. तरी निकालावर ‘अर्जदाराने भावाशी संगनमत केले’ असा शेरा पडला. मी कचेरीचा मेकॅनिक, मागच्या खोलीतून फोन मीच देत होतो, म्हणून त्यांना तसं वाटलं असेल. तो शेरा त्यांनी आपल्याच मनाने मारला, हे मी तुला तेव्हाच सांगितलं होतं ताई. ताई, आता साहेब बदललेत. तू ये. शेऱ्याचं काय करता येईल ते मी बघतो.

घरी सगळे ठीक. ही विचारत असते.

तुझा धाकटा

२३ जानेवारी

ताई,

तुझं उत्तर मिळालं. मेट्रनबाईंच्या वळणदार अक्षरात दोनच ओळी: ‘त्या कागदावर माझं नाव जसं आहे तसं आहे तोवर मी येणार नाही. घरी सगळे बरे असतील.’ बाई, तुम्ही काही गाळलं तर नाही ना? नसेलच. ताई दोन ओळींत बोलते तेव्हा तिला दोनच ओळी म्हणायच्या असतात.

मी ते पाकीट आठवडाभर खिशात घेऊन फिरलो. उत्तराला बसलो की हात अडतो. ताई, काही गोष्टी मला तुला सांगायच्या आहेत आणि त्या मेट्रनबाईंच्या तोंडून तुझ्यापर्यंत पोचू नयेत असं वाटतं. (बाई, राग नसावा. तुमचा आवाज छान असणार.)

म्हणून एक ठरवलं आहे, हसू नकोस. मी ब्रेल शिकतो आहे. तुझ्यासोबत एका घरात तीस वर्षं काढली आणि ते सहा ठिपके कधी समजून घेतले नाहीत. वाचून दाखवायला मी होतो ना! तुझी वर्तमानपत्रं, तुझी पत्रं, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, सगळं माझ्या तोंडून. तुला माझी गरज लागते हे मला आवडायचं. हे आज लिहिताना कळतंय, आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

शीळवाली शिकवणार आहे. कशासाठी शिकतोस, असं तिने विचारलं. बहिणीला पत्र लिहायचंय म्हणालो. म्हणाली, “सहा वर्षांनी सुचलं. बरंय, सुचलं तरी.”

तुझा धाकटा

१९ फेब्रुवारी

ताई,

हे अजून शाईतच, कारण माझं ब्रेल सध्या शेळीने चघळलेल्या कागदासारखं येतं. पाटीत कागद अडकवायचा, टोच्याने मागून टोचायचं, तेही उजवीकडून डावीकडे, म्हणजे कागद उलटला की सुलटं वाचता येईल. मी टेलिफोनच्या तारा उलट्यासुलट्या जोडून पोट भरणारा माणूस, मला हे सहज जमायला हवं होतं. पण मी इतका जोर लावतो की कागदाला भोकंच पडतात. शीळवाली म्हणाली, “पत्र लिहितोयस की चाळणी करतोयस?”

संघाच्या खोलीत रोज कामावरून सुटल्यावर तास दीड तास बसतो. खोली तीच, सरसाचा वास तोच. ब्रश बांधणारे खिडकीशी, खुर्च्या विणणारे भिंतीशी. मी गेलो की कोणीतरी म्हणतं, “आले बालवाडीचे विद्यार्थी.” ते मला इतक्या प्रेमाने वागवतात की मान वर करवत नाही.

परीक्षेची तारीख पडली, २० एप्रिल. संघाने कचेरीला कळवलं आहे की आमची उमेदवार ठरलेली आहे, नाव मागाहून देऊ. तू नाही म्हणालीस हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

धाकटा

११ मार्च

ताई,

हे तू स्वतः वाचते आहेस. मेट्रनबाईंना सांग, कोरे कागद आले. बारा संध्याकाळी लागल्या. चुकलेलं तसंच ठेवलंय, पुन्हा टोचायला बसलो तर धीर सुटेल.

शेरा त्यांनी आपल्या मनाने मारला नव्हता. मी सही केली होती.

पहिल्यापासून सांगतो. त्या दिवशी मी मागे बॅटरीच्या खोलीत होतो, तू पुढे बोर्डवर. तुझ्या शेजारी घड्याळवाले साहेब, प्रत्येक फोनची वेळ टिपायला. यादी मोठ्या साहेबांनी केलेली होती, ती बंद लिफाफ्यातून एकट्या माझ्याकडे आली. कोणत्या लाइनवरून फोन द्यायचा आणि कुठे जोडून मागायचा, ते ओळीने लिहिलेलं. चाळीसांत सहा ठिकाणी दोन-दोन नंबरांना मिळून कंस होता. म्हणजे तिथे दोन्ही लाइनी एकाच क्षणी वाजवायच्या. फोन आला की बोर्डवर त्या लाइनची झडप पडते, इथे दोन झडपा एकदम पडणार, आवाज एकात एक मिसळणार, आणि तू हाताने चाचपून दोन्ही शोधायच्या, एकाला थांबा म्हणून दुसऱ्याला जोडून द्यायचं.

मोडक्या झडपा फळीवर ठोकून मी तुला सरावाचा बोर्ड करून दिला होता. आदल्या गुरुवारी त्यावर एका जोडीत तुझा घोळ झाला. तू हसलीस, “पुन्हा दे” म्हणालीस, आणि पुढच्या सगळ्या जोड्या बरोबर जोडल्यास. “दोन एकदम आल्या की खरी मजा,” म्हणालीस. मला मात्र तो एकच घोळ लक्षात राहिला.

नववा-दहावा फोन ही पहिली जोडी. दोन्ही हातांत दोन रिसीव्हर धरून मी उभा होतो. मधल्या काचेतून तुझी पाठ दिसत होती, ताठ. मी एकच लाइन वाजवली. तुझं जोडून झालं, मग दुसरी. सहाच्या सहा जोड्या मी अशाच सोडवून दिल्या. लहानपणी तू खोलीत शिरायच्या आधी मी तुझ्या वाटेतलं स्टूल उचलायचो आणि आई माझं कौतुक करायची, तसलंच काहीतरी मनात होतं. तुला त्रास होऊ नये, एवढंच. निदान मी स्वतःला तसं सांगत आलो.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तू बाहेर आलीस, दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहिलीस. मला वाटलं, आनंदाने काहीतरी बोलशील. तू विचारलंस, “एकही जोडी आली नाही. कशी काय?”

मी म्हणालो, “यादीतच नव्हती, ताई.”

चार दिवसांनी घड्याळवाल्या साहेबांनी यादी आणि आपल्या वेळा समोरासमोर ठेवल्या. मला बोलावलं. आधी मी लाइनमध्ये बिघाड होता म्हणालो, त्यांनी ती तपासून घेतली, बिघाड नव्हता. मग त्यांनी शांतपणे सांगितलं, “हे तुम्ही आपणहून केलं असेल तर कर्मचाऱ्याने परीक्षेत ढवळाढवळ केली असं होतं, आणि नोकरी जाते. बहिणीने करायला लावलं असेल तर भावाला नाही म्हणवलं नाही, तुम्हाला ताकीद देऊन सोडतो. काय ते लिहून द्या.” ही तेव्हा बाळंतपणासाठी दवाखान्यात होती. ही सबब नाही. खरं तर आहे, सहा वर्षं मी तीच सबब वापरली.

‘बहिणीने विनंती केली म्हणून मी जोड्या सोडवून दिल्या.’ हे वाक्य माझं आहे. त्याखाली सही माझी आहे.

त्यानंतर संघाच्या सभेत तू एवढंच म्हणालीस, “मी सांगितलं नव्हतं.” आणि मी जिथे उभा होतो तिकडे तोंड वळवलंस. मी काही बोललो नाही. रस्त्यात तू मला स्पष्ट विचारलंस, “मी सांगितलं असं तू म्हणालास का?” मी नाही म्हणालो, तेही तुझा हात हातात धरून. आठव्या दिवशी तू ट्रंक भरलीस आणि त्या दूरच्या वसतिगृहात शिकवायला निघून गेलीस.

माझी लाज वाटते हे लिहायलाही लाज वाटते. तू काय म्हणशील ते म्हण.

धाकटा

३० मार्च

ताई,

तुझं उत्तर नाही. नसू दे. इथे काय झालं ते कळवतो, कारण त्यात तुझं नाव आहे.

तुला पाठवलेल्या पत्राच्या आधी मी पुष्कळ कागद वाया घालवले. ते मी संघाच्या टेबलावरच टाकून आलो. माझ्या डोळ्यांना ते पांढरे, रद्दी. घरी शाईने काही लिहिलं असतं तर कपाटात कुलूप लावून ठेवलं असतं आणि किल्ली गळ्यात बांधली असती. इथे मात्र माझा कबुलीजबाब मी पंधरा आंधळ्या माणसांच्या टेबलावर उघडा ठेवला आणि निवांत घरी जाऊन जेवलो. हे वाचू शकणारी सगळ्या शहरातली माणसं त्याच खोलीत बसतात, हे डोक्यातच आलं नाही. मूर्खपणाची हद्द झाली.

दुसऱ्या दिवशी गेलो तर शीळवाली टेबलाशी बसलेली. समोर माझे कागद, नीट एकावर एक. ती म्हणाली, “दुसऱ्या कागदावर ‘सही’ चुकलीय तुझी. एक ठिपका जास्त आहे.” मी खुर्ची ओढली तर म्हणाली, “बसू नकोस. ती खुर्ची बंद झाली तेव्हा मी बावीस वर्षांची होते. आम्हाला वाटलं, आपल्यातलीच एक लबाडी करून गेली. मी तिला निरोप द्यायलाही गेले नाही.” आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बरं झालं असतं. शेवटी म्हणाली, “बुधवारी सभा आहे. तू वाचतोस की मी वाचू?”

मी वाचलं. डोळ्यांनी वाचत होतो तरी अडखळलो. ब्रश बांधणाऱ्यांचे हात थांबले नव्हते, ते मधेच थांबले. खुर्च्या विणणारे म्हातारबुवा, तुला आठवत असतील, त्यांनी विचारलं, “मग तिला जोड्या जमल्या असत्या?”

“जमल्या असत्या,” मी म्हणालो.

“मग आम्ही सहा वर्षं कशापायी उन्हात उभे होतो रे?”

कोणीतरी म्हणालं, याला बाहेर काढा. कोणी काढलं नाही, मीच निघालो.

दुसऱ्या दिवशी कचेरीत गेलो. घड्याळवाले साहेब आता वरच्या खुर्चीवर आहेत. त्यांनी जुनी फाइल मागवली, माझा जबाब माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, “मोठ्याने वाचा.” वाचला. “आता यात खोटं काय ते खाली लिहा.” लिहिलं: बहिणीला यातलं काहीही ठाऊक नव्हतं, जोड्या मी माझ्या मनाने सोडवल्या आणि जबाब खोटा दिला. साहेबांनी शेरा खोडला, बाजूला सही केली, तारीख घातली. मी म्हणालो, तिला तसं कळवा. ते म्हणाले, “अंध कामगार संघाला कळवू, आणि तिलाही.” मग मला म्हणाले, “चौकशी होईपर्यंत तुम्ही कामावर यायचं नाही. वीस तारखेला तर या इमारतीच्या आसपासही दिसू नका.”

हिला घरी येऊन सांगितलं. ती कपडे घडी करत होती. म्हणाली, “मी दवाखान्यात होते म्हणून केलं असं मला आजवर का नाही सांगितलंत? माझ्या नावावर खपवायचं आणि मलाच पत्ता नाही!” तिसऱ्या दिवशी म्हणाली, “ताईंना लिहिलंत ना सगळं? मग बरं.”

शेरा गेला, ताई. येणं न येणं तुझं तू ठरव.

धाकटा

१४ एप्रिल

ताई,

तुझं पत्र काल आलं. पहिल्यांदा तुझ्या हातचं. तुझे ठिपके इतके सारखे आहेत की माझे आठवून लाजलो. जेवणाच्या टेबलाशी बसून एकेक अक्षर लावलं, ही शेजारी बसून विचारत राहिली, पुढे काय, पुढे काय.

तू येते आहेस हे ऐकून ती रडली. एकोणीसच्या दुपारच्या गाडीने निघणार, एकटी येणार, स्टेशनवर कोणी यायचं नाही, उतरणार शीळवालीकडे. सगळं समजलं. मी स्टेशनवर येणार नाही. लपूनही येणार नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण काल रात्रीपर्यंत तसा विचार डोक्यात होता.

पुढचं वाचताना मात्र मी तिला मोठ्याने सांगायचं थांबलो. तू लिहिलंस: ‘सहीचं मला त्याच दिवशी रस्त्यात कळलं होतं. खोटं बोलताना तू दर वाक्यात ताई म्हणतोस. नोकरी जाईल म्हणून तू घाबरलास, तेही मला समजतं. त्यावर रागावून सहा वर्षं झाली, राग आता जुना झाला आहे. मला वेगळंच विचारायचं आहे आणि ते तू पत्रात कुठेच लिहिलं नाहीस. त्या खोलीत दोन रिसीव्हर धरून उभा होतास तेव्हा तुला काय वाटलं? मला जमणार नाही असं वाटलं का? एका शब्दात सांग. परीक्षेआधी सांग.’

रात्र होईपर्यंत मी उत्तरं टोचत बसलो. एकदा लिहिलं, काळजी वाटली. फाडलं. एकदा लिहिलं, तुझ्यावर माझा पूर्ण विश्वास होता, पण साहेब लोकांवर नव्हता. वाचायला छान वाटलं, म्हणून तेही फाडलं. या खेपेला कागद कुठे टाकायचे ते कळत होतं, चुलीत टाकले.

सकाळी हिला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, “खरं काय ते लिहा, पण वीस तारीख होऊन जाऊ दे. आत्ता पाठवलंत तर त्यांच्या हाताला कंप सुटेल. एवढी सहा वर्षं थांबलात, आणखी सहा दिवस थांबा. त्यांच्याच भल्याचं आहे.” मला अगदी पटलं. चांगला तासभर पटलेलं होतं. पत्ता घातलेलं रिकामं पाकीट ट्रंकेवर ठेवलं आणि तारीख मोजत बसलो. मग लक्षात आलं की मी पुन्हा बॅटरीच्या खोलीत उभा आहे. दोन गोष्टी एकदम तुझ्यावर येणार, आणि कोणती आधी द्यायची, कोणती मागे धरायची, हे मी ठरवतो आहे.

म्हणून आजच्याच टपालात टाकतो. सतरा तारखेला तुझ्या हातात पडेल, परीक्षेच्या तीन दिवस आधी. तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं:

हो.

धाकटा